पोशेऱ्याचा एकच बुध्या

पोशेऱ्याच्या बियाणेघरात एकशे चौसष्ट बरण्या होत्या आणि कुठली बरणी कुणाची, हे सगळ्या गावात फक्त एका लॅपटॉपला ठाऊक होतं.

पूर्वी प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असायची. पण चिठ्ठ्यांचा डिंक कसरीला भलताच आवडला आणि एका पावसाळ्यात तिने निम्म्या गावाची नावं खाऊन टाकली. तेव्हा बायकांच्या गटाने सुदर्शनदादाला बोलावलं. तो जव्हारचा, कॉम्प्युटरची पदवी घेतलेला आणि अंगात नुसता उत्साह. त्याने ऑइलपेंटने प्रत्येक बरणीवर आकडा रंगवला आणि बाकी सगळं लॅपटॉपात भरलं: बी कुणी दिलं, कुठल्या साली, कुठल्या पाड्यावरून. मग त्याची पोलीस भरतीत निवड झाली आणि तो ट्रेनिंगला गेला. तिथे फोन फक्त रविवारी हातात देतात. जाताना त्याने लॅपटॉप प्रतिक्षाच्या मांडीवर ठेवला, "तुला येतंय की," एवढंच म्हणाला आणि जीपच्या टपावर चढला.

तिला येत होतं हे खरंच. जव्हारच्या वसतिगृहात राहून तिने अकरावी केली होती, ममता मॅडमच्या जादा वर्गात पायथन शिकली होती, आणि प्रदर्शनात तिच्या प्रकल्पाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. वर्षापूर्वी कुणी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघणारी ही पोरगी, मे महिन्यात सुट्टीला आली ती मोखाड्याच्या स्टँडवर खिडकीच्या जागेसाठी एका पोटसुट्या काकांशी भांडून, जिंकून आली. आईने कपाळाला हात लावला. बापाला मात्र फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी पुतळीकाकी बियाणेघरात आली तेव्हा प्रतिक्षा तिथेच टेबलाशी बसली होती. किल्ल्यांची मालकीण धोंडीमावशी दारात पाय पसरून वाल निवडत होती. गटातली रामी बरण्या पुसत होती. पुतळीकाकीच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती, धुऊन वाळवलेली, चार घड्या घातलेली.

"आली का गं ठाण्याची पाहुणी," धोंडीमावशी म्हणाली. "लिफ्टमदी बसून बसून पाय मऊ पडलं असतील."

"पडलं तर," पुतळीकाकी हसली. "वर जायचं, खाली यायचं. दुसरं काम काय हाय तिथं?"

काकीचा मुलगा गोरख ठाण्यात एका इमारतीवर वॉचमन होता. तिचा नवरा बुध्याकाका गेल्यावर त्याने आईला तिकडे नेलं. दोन वर्षं ती तिथे राहिली. त्रास काही नव्हता, सून चांगली, नातू लाडका, नळाला पाणी. पण या वर्षी होळी झाली आणि ती उठून पोशेऱ्याला आली ती परत गेलीच नाही. टेपाडावरच्या तुकड्यात तिने एकटीने पालापाचोळा पेटवून रोपांसाठी राब भाजला. आता फक्त बी टाकायचं बाकी होतं, आणि बीच नव्हतं. दोन पावसाळे घर बंद, छपरातून पाणी, कणगीतल्या नागलीला बुरशी.

"माझी मुठीची नागली हाय ना इथं," ती प्रतिक्षाला म्हणाली. "बुध्यानं आणून ठेवली व्हती. मरायच्या आधल्या साली. त्यातली वंजळभर दे बाय."

मुठीची नागली म्हणजे ती नाचणी, जिचं कणीस वळलेल्या मुठीसारखं मिटलेलं असतं. काकीचं टेपाड असं उघडं, की वारा सुटला म्हणजे दुसऱ्या कुठल्याही नागलीचा दाणा कापणीआधी खाली. गोरखने एकदा दुकानातलं सुधारित बियाणं लावून पाहिलं होतं. गावच्या चिमण्यांनी त्याला दुवा दिला.

"गोरख काय म्हणतोय?" रामीने विचारलं.

"काय म्हणंल? आपलं बी असंल तर रहा म्हणाला. नसंल तर रविवारी येतो, पाऊस लागायच्या आत चल म्हणाला. आणि कुलूप नवीन आणतो म्हणाला." काकी थोडी थांबली. "त्याचं पण चुकत नाय. रिकाम्या टेपाडावर म्हातारी काय खाणार?"

"बघते लगेच," प्रतिक्षा म्हणाली. 'लगेच' म्हणताना तिने बोटं मोडली, कारण मॅडमच्या वर्गात एक मुलगा तशी मोडायचा आणि ते तिला फार आवडायचं.

दादाने माहिती साध्या तक्त्यात भरली नव्हती. त्याने ग्राफ डेटाबेस केला होता. त्यात सगळे ठिपके असतात आणि ठिपक्यांना जोडणारे दोरे. माणूस हा एक ठिपका, बी हा दुसरा ठिपका, आणि 'याने हे दिलं' हा मधला दोरा. दोरा धरून चालत गेलं की माणसावरून त्याच्या बरणीपर्यंत पोचता येतं. डेटाबेसशी बोलायला पायथनची एक लायब्ररी लागते. ती मधल्या माणसासारखी: तुमचा प्रश्न आत नेते, आतलं उत्तर बाहेर आणते. एवढं प्रतिक्षाला पक्कं माहीत होतं. तिने प्रश्न लिहिला. सगळे धडे इंग्रजीत असतात म्हणून शेतकऱ्याला तिने 'फार्मर' म्हटलं, बियाण्याला 'सीड', आणि नाव घातलं पुतळी.

उत्तर आलं: एक रिकामा चौकोनी कंस. आत काहीच नाही.

तिने बुध्या घातलं. रिकामा कंस. 'फार्मर'च्या जागी 'पर्सन' केलं. रिकामा कंस. 'सीड'च्या जागी 'नाचणी', 'मिलेट', सगळं घालून झालं. कंस आपले दोन्ही हात जवळ घेऊन नुसते उभे. कुठे लाल अक्षरात चूक दाखवली असती तर तिने दुरुस्त केली असती. पण चूक कसलीच नव्हती. मशीन शांतपणे, नीट, पुन्हा पुन्हा सांगत होतं की काही नाही.

धोंडीमावशी वाल निवडायची थांबली होती. रामीही बघत होती. वर्षापूर्वीची प्रतिक्षा असती तर म्हणाली असती, "मला नीट कळत नाहीये." पण बक्षीसवाली प्रतिक्षा खुर्चीत सरळ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काकी, तुझं बी इथं आलेलंच नाही. नोंदच नाही."

"नाय?"

"नाही. तुझंही नाव नाही, काकाचंही नाही. सगळं शोधलं मी."

"पण तो सायकलीवरून घेऊन आलेला..."

"अगं, निघाला असेल आणायला, पण दिलंच नसेल."

पुतळीकाकीने बरण्यांच्या फळ्यांकडे एकदा बघितलं. एकशे चौसष्टपैकी एक्केचाळीस बरण्यांत नागली होती, सगळी लाल, सगळी मोहरीएवढी. मुठीची कुठली आणि उघड्या कणसाची कुठली, हे दाण्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"नसंल बाय," ती म्हणाली. "मशीनला म्हायत." तिने पिशवीची आणखी एक घडी घातली, कमरेला खोचली आणि उन्हात निघून गेली.

"बिचारी," रामी म्हणाली.

"खोटा बोलायचा नाय पण बुध्या," धोंडीमावशी वालांना म्हणाली.

दुपारी जेवताना प्रतिक्षाला भाकरी दिसायच्या ऐवजी ती पिशवीच दिसायला लागली. पाच घड्यांची. तिने घास खाली ठेवला. काकी भांडली असती, रडली असती, तरी चाललं असतं. ती नुसती 'मशीनला म्हायत' म्हणाली, आणि मशीनच्या वतीने बोललं कोण होतं? दिलंच नसेल, असंसुद्धा म्हणून झालं होतं. मेलेल्या माणसाबद्दल, त्याच्या बायकोसमोर.

मंगळवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीच्या धक्क्यावर चढली. पोशेऱ्यात फोनला रेंज तेवढीच. ममता मॅडमना फोन लावला. मॅडम तेव्हा नाशिकहून आलेल्या भाच्यांना जव्हारजवळचा शिरपामाळ दाखवायला गेल्या होत्या, त्यामुळे फोनमध्ये अर्धा वारा आणि अर्ध्या मॅडम येत होत्या.

प्रतिक्षाने सगळं सांगितलं. काय विचारलं, काय उत्तर आलं आणि तिने काकीला काय सांगितलं. शेवटचं सांगताना आवाज थोडा बारीक झाला.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "रिकामं उत्तर आलं ना? त्याने 'नाही' म्हटलं असं तुला का वाटलं?"

"म्हणजे?"

"आत 'फार्मर' नावाचा प्रकारच नसेल तर तो काय म्हणणार? तू त्याच्या ओळखीचं नसलेलं काहीतरी मागितलंस. तो गप्प बसला. गप्प बसणं आणि नाही म्हणणं यात फरक आहे गं... ए चिन्या, कड्याकडे जाऊ नको! ...हां, तर. तू परक्या घरी गेलीस स्वयंपाक करायला, तर सरळ म्हणशील का, तिसऱ्या डब्यातली डाळ द्या?"

"आधी विचारीन, कुठल्या डब्यात काय आहे."

"मग तेच विचार. त्याला म्हणतात स्कीमा. आत किती जातीचे ठिपके आहेत, किती जातीचे दोरे, कुणावर काय काय लिहिलंय, आणि नियम कुठले लावलेत. लायब्ररीत त्याची तयार सोय असते. लिहून घे."

कागद नव्हता. प्रतिक्षाने तळहातावर लिहून घेतलं, हात संपला तेव्हा मनगटावर. वारा वाढला, भाचा पुन्हा कड्याकडे गेला असावा, फोन तुटला.

तिने तिथेच धक्क्यावर बसून चार ओळी लिहिल्या. लॅपटॉपमध्ये एकतीस टक्के बॅटरी होती आणि गावात सकाळपासून लाइट नव्हती. तिने एंटर दाबलं.

या वेळी कंस रिकामा नव्हता.

ठिपक्यांचे प्रकार तीन. माणूस. बी. पाडा.

प्रतिक्षा मोठ्याने हसली. टाकीवरचे दोन कावळे उडाले. दादाने सगळं मराठीत लिहिलं होतं! आणि ती काल अर्धा तास त्या बिचाऱ्याशी इंग्रजीत बोलत बसली होती.

दोऱ्यांचे प्रकार दोन. 'दिलं' आणि 'राहतो'. बी या ठिपक्यावर लिहिलेलं: नाव, बरणी, साल. माणूस या ठिपक्यावर फक्त एकच गोष्ट: नाव.

आता तिने नीट विचारलं. माणूस, नाव पुतळी. नाही. बरं, हे खरंखुरं नाही. माणूस, नाव बुध्या. आहे! एक बुध्या. त्याच्यापासून निघालेले 'दिलं'चे दोरे: तेवीस.

तेवीस बरण्या? बुध्याकाकाकडे टेपाडावरचा टीचभर तुकडा. त्याने भात, वरई, उडीद, खुरासणी, नऊ जातींची नागली, एवढं सगळं कुठे पिकवलं? आणि 'राहतो'चे दोरे बघितले तर हा गृहस्थ एकाच वेळी पाच पाड्यांवर राहत होता.

प्रतिक्षाने पुन्हा स्कीमा वर सरकवून शेवटचा भाग वाचला. नियम. काल पहिल्या फेरीतच हे विचारायला हवं होतं. तिथे एकच ओळ होती: माणूस, नाव, एकमेव. म्हणजे एका नावाचा एकच माणूस. त्याच नावाचा दुसरा आला तर त्याला नवा ठिपका नाही, तो पहिल्यातच जाऊन मिसळणार.

"अरे देवा, दादा!" ती आकाशाकडे बघून म्हणाली.

सुदर्शनदादा पडला जव्हारच्या गल्लीतला. त्याच्या गल्लीत सुदर्शन एकच असणार. पण इकडच्या पाड्यांवर पोर बुधवारी जन्मलं की मुलगा बुध्या, मुलगी बुधी. मंगळवारी मंगळ्या. शुक्रवारी शुक्र्या. आठवड्याला वार सात आणि माणसं केवढी! प्रतिक्षाने बोटांवर मोजलं तर तिला माहीत असलेले बुध्याच सात निघाले, त्यातला एक तिचा सख्खा मामा. ते सातही जण तिथे एका ठिपक्यात दाटीवाटीने बसले होते.

हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे हसण्यासारखं नाही. काकाची बरणी आत होती. पण सात जणांच्या तेवीस बरण्यांत, आणि कुठला दोरा कुठल्या बुध्याचा हे सांगायला ठिपक्यावर नावाखेरीज एक अक्षर नव्हतं.

एकोणीस टक्के.

ती स्कीमा पुन्हा वाचायला लागली. वरून खाली, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखी. माणूस: नाव. बी: नाव, बरणी, साल. पाडा: नाव. राहतो: काही नाही. दिलं: तारीख, खूण.

दिलं. खूण.

ठिपक्यांवर काय लिहिलंय तेवढंच तिने वाचलं होतं. दोऱ्यावरही काही लिहिलेलं असू शकतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. दादाला बुध्यांचा घोळ कळला होता तर! कळला, पण नियम मोडून सगळं पुन्हा भरायचा कंटाळा केला असणार. दरवाजा अरुंद झाला म्हणून त्याने सामान खिडकीतून आत टाकलं होतं.

तिने बुध्याच्या नागलीच्या नऊ दोऱ्यांवरच्या खुणा मागवल्या. यादी आली. ती वाचली, आणि उरलेली सोळा टक्के बॅटरी छातीशी धरून टाकीवरून उतरून पळत सुटली.

पुतळीकाकी अंगणात गोधडीला टाके घालत होती. शेजारी एक ट्रंक उघडी होती. तिच्यात काही लुगडी घडी करून ठेवलेली. प्रतिक्षाने ट्रंकेकडे बघायचं टाळलं.

"काकी, काल मी चुकीचं सांगितलं."

"बस आधी. पानी पी. काय झालं, कुतरं मागं लागलं?"

"तुझं बी आहे. म्हणजे मला वाटतं आहे. काल मला विचारताच आलं नव्हतं, आणि मी नाही म्हणून मोकळी झाले." एका दमात बोलून ती ओट्यावर बसली. "आणि काकाने दिलंच नसेल असं म्हणाले, ते पण वाईट बोलले."

काकीने सुई गोधडीत टोचून ठेवली. "अगं मी पन तेच म्हनत व्हते घरी येऊन. नसंल दिलं त्यानं. वाटंत कुनाच्या गप्पात बसला असंल." ती थोडी थांबून म्हणाली, "मेल्यावर पन शिव्या घातल्या मी काल त्याला."

"मग आता ऐक. दादाने प्रत्येकाला विचारलं होतं, कोणता बुध्या? जे उत्तर आलं ते त्याने जसंच्या तसं लिहून ठेवलंय. मी वाचते. तू सांग कोण कोण ते. पहिला: 'पायरीचा'."

"तो खालच्या पाड्यावरचा. दारात पायरी हाय त्याच्या, एकाच घराला. लई मिजास पायरीची."

"'बोकडवाला'. याच्या दोन बरण्या आहेत."

"माझा चुलतदीर तो. बोकड मेलं चार वर्सं झाली, नाव नाय सुटलं."

"'तिखट'."

काकीने तोंडाला पदर लावला. "हा कोनी सांगितला? सोता नाय सांगायचा तो."

"'जिव्याचा भाऊ'. 'वरचा'. 'शाळेतला'."

"शाळेतला म्हंजी तुझा मामाच की. घंटा वाजवतो तो."

"एकावर काही लिहिलेलंच नाही."

"तो मुका असंल," काकी म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की तिला ठसका लागला. प्रतिक्षाने तिला पाणी दिलं. पडद्यावर नऊ टक्के दिसत होतं.

"आणि शेवटचा," प्रतिक्षा म्हणाली. तिने पडदा काकीकडे वळवला, काकीला वाचता येत नाही हे माहीत असूनसुद्धा, आणि त्या शब्दाखाली बोट ठेवलं. "बरणी सत्त्याऐंशी. नागली, मुठीची. खूण: 'पुतळीचा'."

काकी पुढे वाकली. तिने बोटाखालच्या अक्षरांकडे बघितलं.

"हे माझं नाव हाय?"

"हो. पु, त, ळी. पुतळीचा."

"कोनी लिव्हलं असं?"

"लिहिलं दादाने. पण सांगितलं काकानेच असणार. कोणता बुध्या म्हणून विचारल्यावर."

"याला टेपाडावरचा सांगता येत नव्हतं?" काकी जरा रागावूनच म्हणाली. "सायकलवाला सांगायचं. सगळ्या गावात सायकल कोनाकडं व्हती? माझं नाव कशाला लिवाया लावलं चारचौघांत." मग तिने नाकाला पदर लावला आणि बराच वेळ गोधडीचा एकच टाका चाचपत राहिली. "असाच व्हता तो," ती शेवटी म्हणाली.

लॅपटॉप बंद पडला. दोघींपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

बियाणेघरात धोंडीमावशीने कमरेवर हात ठेवले. "काल ठणकावून नाय म्हणालीस. आज हाय म्हणतेस. उद्या म्हणशील बरणी उडून गेली."

"काल मी चुकले मावशी."

"काय?"

"चुकले म्हटलं. मोठ्याने म्हणू?"

"म्हण की. रामीनं ऐकलं नाय."

"चु-क-ले!" प्रतिक्षा ओरडली. रामीच्या हातातलं फडकं पडलं. धोंडीमावशीने समाधानाने किल्ली लावली.

सत्त्याऐंशी नंबर वरच्या फळीवर, कोपऱ्यात होता. बरणी काढली तर जेमतेम चार बोटं भरलेली, वर राखेचा थर. काकीने झाकण उघडून वास घेतला, दाणे तळहातावर घेतले, दातांखाली एक धरून बघितला. तिचा चेहरा पडला.

"जुनं झालं बाय. दानं हलकं लागतात."

"मग?" प्रतिक्षाने विचारलं. एवढं शोधून बरणी सापडली, आणि आतलं बी जिवंत आहे की नाही हे लॅपटॉपला कुठून माहीत असणार? ते लिहायला दादाने कुठला ठिपकाच केला नव्हता.

"मग काय. फडक्यात बांधून बघायचं," धोंडीमावशी म्हणाली. "मोजून वीस दानं घे. धा उठलं तर पेर. धाच्या खाली आलं तर पेरून राब फुकट घालवू नको, त्यापरीस लेकाबरोबर जा. मी सांगते तुला, उगी आशेनं बसू नको."

ओलं फडकं काकीच्या घरी माठाशेजारी ठेवलं. बुधवारी प्रतिक्षा तीनदा बघायला गेली. तिसऱ्यांदा काकीने तिला दारातच अडवलं, "सारखं उघडलंस तर कसं उठतील ते? तू झोपलीस आनि मी तुझी गोधडी ओढली सारखी, तर?" गुरुवारी काही नाही. शुक्रवारी दोन दाण्यांना पांढरं टोक आलेलं. दोन! प्रतिक्षाने घरी येऊन आईला मिठी मारली आणि मग आठवलं की दहा लागतात.

शनिवारी ती मुद्दामच गेली नाही. गेली असती तर तिला ते मोजावे लागले असते.

रविवारी सकाळी टाकीवर फोन वाजला. सुदर्शनदादा, पाच मिनिटं मिळाली म्हणाला. "कसं चाललंय?"

"एका नावाचा एकच माणूस, हा नियम तू का घातलास?"

"कुठला नियम? ...अगं हो. तो धड्यात होता, तसाच उतरवला."

"दादा, इथे सात बुध्या आहेत."

"माहितीये गं! तीन महिन्यांनी कळलं मला. एक बुध्या भांडायला आला, माझा उडीद तू शाळेतल्याच्या नावावर का टाकलास म्हणून." दादा गोरामोरा झाल्यासारखा हसला. "म्हणून मग खूण घातली. तू काढून टाक तो नियम. जमेल?"

"जमेल," प्रतिक्षा म्हणाली. मग तिने जरा विचार केला. "जमेल असं वाटतंय. अडलं तर विचारीन."

खालून मोखाड्याची जीप हॉर्न देत आली. गोरख उतरला. खांद्याला बॅग, हातात एक छोटा पुठ्ठ्याचा खोका. खोक्यावर कुलपाचं चित्र. प्रतिक्षा फोन तसाच खिशात कोंबून टाकीवरून उतरली आणि त्याच्या मागोमाग निघाली, चार पावलं अंतर ठेवून, जणू तिलाही सहज तिकडेच जायचं होतं.

ट्रंक अंगणात होती. बंद. पुतळीकाकी तिच्यावरच बसली होती, मांडीवर ओलं फडकं घेऊन.

"आई, झालं ना आवरून? दोनच्या जीपला जागा धरून ठेवलीय," गोरख म्हणाला. "बी मिळालं नाही ना?"

"मिळालं."

"हो? मग?"

काकीने फडकं उघडलं. गोरख वाकला. प्रतिक्षाही त्याच्या खांद्यावरून वाकली. आता कशाला अंतर ठेवायचं? लाल दाण्यांतून बारीक पांढरे कोंब वाकडेतिकडे निघाले होते. काही सरळ, काही शेजारच्याला धरून. काही दाणे मात्र तसेच होते, मिटलेले, मुकाट.

"किती?" प्रतिक्षाला राहवेना.

"तूच मोज. मी चारदा मोजलं, दर वेळी डोळं भरतंय आनि इसरते."

प्रतिक्षाने काडी घेतली. एक एक दाणा बाजूला सारत मोजलं. गोरखही ओठ हलवत मोजत होता. सात. आठ. नववा नुसता फुगलेला, तो सोडून दिला. नऊ. दहा. अकरा.

"अकरा," ती म्हणाली.

"अकराच?" गोरख म्हणाला. "वीसमधले?"

"धा लागतात," काकी म्हणाली. "धोंडी म्हनाली धा."

"अगं पण निम्मंच उगवणार म्हणजे. बी पण वंजळभर. किती रोप होईल त्याचं? अर्धं टेपाडसुद्धा भरायचं नाही."

"अर्धं टेपाड तर अर्धं. दाट पेरते. औंदा खायला नाय, बियाला करायचं. पुढल्या साली खायला."

गोरख ट्रंकेसमोर उकिडवा बसला. त्याने फडक्यातला मोड आलेला एक दाणा बोटावर घेतला, फार जवळून पाहिला. "बाबाने ठेवलेलं ना हे?"

"हां."

त्याने दाणा जपून परत फडक्यात ठेवला. "आणि पोराला कोण बघणार तिकडं?" त्याने हळूच विचारलं, पण आता त्यात जोर नव्हता.

"दिवाळीला घेऊन ये त्याला इकडं. कापनीला. मुठ कशी दिसती ते बघू दे." काकी ट्रंकेवरून उठली. कमरेची पिशवी काढून तिने ती झटकली. "आता आलाच हायस तर कोयता घे. राबाला कुंपन नाय अजून. बोकडवाल्या काकाच्या शेळ्या सोडल्यात मोकळ्या, कोंब वर आला की फडशा. करवंदीच्या काट्या तोडून आन."

"आई, मी चांगली पँट घालून आलोय."

"मग काढ. बाबाची एक हाय खुटीला."

गोरखने प्रतिक्षाकडे पाहिलं. तिने बोटं मोडली नाहीत. ती उठून घरात गेली, खुंटीवरची पँट आणि दारामागचा कोयता घेऊन आली, आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं.

"दोनच्या जीपवाल्याला सांगून येऊ का मी," तिने विचारलं, "की एकच माणूस आहे?"

"आजची नको," गोरख म्हणाला आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकला. "उद्याची सांग."